डबे बदलले, एवढ्यावर गोष्ट होत नाही

गिरणीत दोन बायकांचे पिठाचे डबे बदलले. दुपारी लक्षात आलं, संध्याकाळी परत बदलून घेतले.

हे मी घरी सांगितलं तर कोणीतरी "अगं बाई!" म्हणेल आणि विषय भाजीकडे वळेल. हेच कागदावर उतरवून त्याला कथा म्हटलं, तर वाचणारा शेवटच्या ओळीवर येऊन विचारेल, "बरं, मग?"

नव्याने कथा लिहिणाऱ्यांचं घोडं बहुतेक वेळा या "बरं, मग?"पाशीच अडतं. एका दिवाळी अंकाकडे आलेल्या कथा पहिल्यांदा वाचून वेगळ्या काढायचं काम मी काही वर्षं केलं. पीठ चाळण्यासारखंच काम ते. आलेल्या कथांपैकी कितीतरींची भाषा चांगली असायची, प्रसंग खरा असायचा, लिहिणाऱ्याच्या मनाला तो लागलाय हेही जाणवायचं. पण वाचून संपल्यावर हातात राहायचा तो घडल्या प्रसंगाचा वृत्तान्त. त्याची कथा व्हायची राहूनच गेलेली असायची.

म्हणून हाच गिरणीतला प्रसंग घेऊ आणि त्याची कथा होते का ते बघू. शाळेच्या पुस्तकात कथेचे घटक म्हणून कथानक, पात्रं, संघर्ष, वातावरण, निवेदन, संवाद अशी यादी असते. यादी बरोबरच आहे. फक्त लिहायला बसल्यावर हे घटक मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांसारखे वेगवेगळे हाताला लागत नाहीत. एकाला हात लावला की दुसरा हलतो. पुढे ते दिसेलच.

"आणि मग" आणि "म्हणून"

ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने १९२७ साली केंब्रिजला कादंबरीवर व्याख्यानं दिली. त्यात त्याने दिलेलं एक उदाहरण आजही लेखनाच्या प्रत्येक वर्गात निघतं. राजा मेला आणि मग राणी मेली, ही नुसती गोष्ट. राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली, हे कथानक. फरक काय, तर दुसऱ्या वाक्यात पहिल्या घटनेमुळे दुसरी घडली.

आपला कच्चा खर्डा तपासायची याहून सोपी युक्ती मला माहीत नाही. दोन प्रसंगांच्या मध्ये मनातल्या मनात एक शब्द घालून बघायचा. "इंदूबाई गिरणीत गेल्या आणि मग डबा घेऊन आल्या आणि मग त्यांनी झाकण उघडलं आणि मग..." अशी सगळीकडे "आणि मग"च बसत असेल तर ती रोजनिशी. "म्हणून" किंवा "पण" बसायला लागलं की कथानक धरायला लागलं. "डबा बदलल्याचं कळलं, पण गिरणी बंद होती, म्हणून त्या उन्हात शटरपाशीच थांबल्या."

पण त्या थांबल्या का? घरी जाऊन पंख्याखाली का नाही पडल्या? हे कळायला त्या बाईंची ओळख हवी.

इंदूबाईंना काय हवंय?

पात्र उभं करायचं म्हटलं की नवा लेखक वर्णनाला लागतो. सावळा वर्ण, पाणीदार डोळे, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं. हे सगळं लिहूनही माणूस दिसत नाही, कारण असे डोळे कोणालाही लावता येतात. त्यापेक्षा एकच प्रश्न विचारावा. या माणसाला या घडीला काय हवंय?

समजा, साताऱ्यातली एक पेठ. इंदूबाई, वय अडुसष्ट. यजमान जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला. सुनेने, रश्मीने, हळूहळू स्वयंपाकघर आपल्या हातात घेतलं. भांडून घेतलं असं नाही, उलट काळजीने. "आई, तुम्ही कशाला गॅसपाशी उभ्या राहता" असं म्हणत म्हणत. आधी भाजी गेली, मग कुकर गेला, मग दूधवाल्याचा हिशोब. आता इंदूबाईंकडे एकच काम उरलंय, दळण. गहू निवडायचे, डबा भरायचा, गिरणीत द्यायचा, आणायचा. रश्मी दोनदा म्हणालीसुद्धा, "आई, तयार पीठच मागवत जाऊ ना. दहा मिनिटांत दारात येतं."

आता डबा बदलला, तर त्या बदलण्याला वजन आलं. रश्मीला कळलं तर ती रागावणार नाही. ती म्हणेल, "जाऊ दे हो आई, होतं असं." आणि पुढच्या आठवड्यापासून पिठाची पिशवी दारात येऊन पडेल. इंदूबाईंना पाच किलो पिठाची पर्वा नाही. रश्मी साडेसहाला घरी यायच्या आत त्यांना आपला डबा ओट्याखाली जागच्या जागी हवाय.

इथे दोन इच्छा आहेत. वरची इच्छा दिसते, मोजता येते आणि पुरी होते किंवा होत नाही: डबा परत मिळवणं. तिच्याखाली दुसरी आहे: या घरात मला अजून काहीतरी कळतं, हे शाबूत राहावं. वरची नसेल तर गोष्ट चालत नाही, नुसता विचार करत बसते. खालची नसेल तर धावपळ होते आणि मनाला काही लागत नाही. अंकाकडे येणाऱ्या कथांत बहुधा यातली एकच असते. वयस्क लेखकांकडे खालची, तरुणांकडे वरची, असं मला आपलं वाटत आलंय.

मग अडथळे. बदल लक्षात आला दुपारी दीडला. गिरणी एकला बंद होते, पाचला उघडते. पाचपासून साडेसहा, म्हणजे दीड तास. तेवढ्यात दुसरा डबा कोणाचा ते शोधायचं, तिच्या घरी जायचं, परत यायचं. घड्याळ लावलं की साध्यासुध्या गोष्टीतही वाचक पुढे सरकतो. ही क्लृप्ती रहस्यकथावाल्यांनी एकट्यांनीच का वापरावी?

संघर्ष म्हटलं की पुष्कळांना भांडण आठवतं. म्हणून कथेत थोबाडीत बसते, अपघात होतो, तिसऱ्या पानावर कर्करोगाचं निदान होतं. इंदूबाईंच्या गोष्टीत कोणी दुष्ट नाही. रश्मीला दुष्ट करायचा मोह होईल, पण तो आवरायचा. सून वाईट केली की गोष्ट सोपी होते आणि तिथेच बसकण मारते. चांगल्या सुनेच्या चांगुलपणानेच सासूचं एकेक काम जातंय, यात जास्त पीळ आहे.

आता पात्राकडे परत. दीड वाजता इंदूबाईंपुढे सोपा रस्ता आहे. रश्मीला फोन करायचा, "अगं, डबा बदलला बघ," एवढं म्हणायचं. एका मिनिटाचं काम. त्या करत नाहीत. चपला घालून परत उन्हात बाहेर पडतात. पाणीदार डोळ्यांनी जे सांगितलं नसतं ते या एका निवडीने सांगितलं. माणूस अडचणीत काय निवडतो यावरून तो कळतो, हे आपण शेजाऱ्यांच्या बाबतीत पक्कं जाणून असतो, लिहायला बसलो की विसरतो.

गिरणीवाल्या अण्णांना मात्र एवढं खोल करायची गरज नाही. अंगावर पीठ, कानाशी वायर सुटलेला रेडिओ, कोणालाही "पाचला या" एवढंच सांगणारे, इतके अण्णा पुरे. प्रत्येकाचा भूतकाळ सांगत बसलात तर इंदूबाई शटरपाशीच राहतील.

डब्यावर नाव नव्हतं का?

इथवर लिहून मी एका मैत्रिणीला ऐकवलं. ती पहिल्या मिनिटाला म्हणाली, "पण डब्यावर नाव नव्हतं का गं?"

हा प्रश्न मराठी वाचक विचारणारच. आपल्याकडे स्टीलच्या डब्यावर, पातेल्यावर, वाटीवर नाव घालून घ्यायची पद्धत. दुकानातल्या यंत्राखाली भांडं धरायचं आणि कोणाकडून कोणाला, कुठल्या तारखेला ते टिंबाटिंबांनी कोरून घ्यायचं. अशा घरातल्या दोन डब्यांची अदलाबदल कशी होईल?

कथेला असं भोक पडलं की दोन वाटा असतात. "त्या दिवशी घाईत लक्ष गेलं नाही" असं एक वाक्य चिकटवायचं, किंवा भोकाच्या आत हात घालून काय लागतं ते बघायचं. मी दुसरी वाट धरली. जुना डबा होता, त्यावर नाव होतं: "सौ. इंदुमती", लग्नाची तारीख आणि यजमानांचं आडनाव. पितळेसारखा जड. तो उचलून इंदूबाईंचा खांदा दुखतो म्हणून रश्मीने गेल्या दिवाळीत हलका नवा डबा आणला. त्याच्यावर काहीच नाही. बाजारात तसे शेकडो मिळतात. जुना माळ्यावर गेला.

भोक बुजवायला गेले आणि गोष्टीच्या मध्यावर ठेवायची वस्तू मिळाली. आता डबा बदलण्यामागे पुन्हा रश्मीची काळजीच आहे. कथानक तपासताना पात्र उलगडलं ते असं. घटक वेगळे ठेवता येत नाहीत, म्हणतात ते यासाठीच.

आणि एकदा माळ्यावरचा डबा गोष्टीत आला की त्याचं काहीतरी करावं लागतं. चेखॉव्ह या रशियन कथाकार-नाटककाराने १८८९ सालच्या एका पत्रात लिहिलंय की कोणी झाडणारच नसेल तर भरलेली बंदूक रंगमंचावर आणू नये. ते नाटकाबद्दल होतं, पण आपल्या माळ्यालाही लागू.

कोणाच्या तोंडून

नवे लेखक सगळ्यात कमी विचार याचा करतात, आणि बिघडतं ते बहुधा इथेच. गोष्ट कोण सांगतंय?

इंदूबाईंनी स्वतः सांगितली तर अशी सुरू होईल: "माझा डबा मी ओळखणार नाही? पन्नास वर्षं दळण करतेय मी. त्या पोरानेच अदलाबदल केली असणार." बाई आपल्या बाजूने बोलतायत. डोळ्यांना कमी दिसायला लागलंय हे त्या कबूल करणार नाहीत, पण ते आपल्याला त्यांच्याच बोलण्यातून कळेल. सांगणारा जे लपवतो ते वाचकाला दिसणं, ही प्रथमपुरुषी निवेदनातली खरी मजा.

रश्मीने सांगितली तर गोष्टच वेगळी होते. ती साडेसहाला घरी येते. सासूबाईंच्या चपला नेहमीच्या जागी नाहीत, पदराला पीठ लागलंय, आणि "कुठे गेला होतात?" विचारलं तर "कुठे नाही" असं उत्तर येतं. गिरणी, शटर, ऊन, काहीच दिसत नाही. गोष्ट तर्काची होते.

तिसरा मार्ग तृतीयपुरुषी, पण इंदूबाईंच्या खांद्यावरून बघणारा. "इंदूबाईंनी झाकण उघडलं" असं लिहायचं, पण त्यांना जेवढं दिसतं-कळतं तेवढंच वाचकाला द्यायचं. नवख्याने याच मार्गाने सुरुवात करावी असं माझं मत आहे. सगळ्यांच्या मनातलं जाणणारा सर्वज्ञ निवेदक दिसायला सोपा, पण सांभाळायला अवघड.

कारण घसरायला वेळ लागत नाही. हे बघा: "इंदूबाईंनी पीठ चिमटीत घेतलं आणि त्या दचकल्या. तिकडे ऑफिसात रश्मीला आज उगीचच अस्वस्थ वाटत होतं." पहिल्या वाक्यात आपण स्वयंपाकघरात, इंदूबाईंच्या बोटांपाशी. दुसऱ्यात आपल्याला उचलून ऑफिसात नेऊन टाकलं. जी कळ लागायला लागली होती ती सुटली. मालिका बघून बघून ही सवय लागते, तिथे कॅमेरा तेच करतो.

निवेदक निवडणं किती धाडसाचं असू शकतं हे बघायचं तर हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीकडे बघावं. १८९० साली 'करमणूक' या त्यांच्याच साप्ताहिकात ती क्रमशः यायला लागली तेव्हा हरिभाऊ पंचविशी-सव्विशीचे होते. सांगणारी आहे यमुना, एक मुलगी, मग बायको, मग विधवा. विधवांच्या हालांवर एखादा सुधारक निबंध लिहील, वाचणारा मान डोलावेल. तीच हकिकत "मी" म्हणून यमूच सांगते तेव्हा मान डोलावून सुटका होत नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) निवेदक आहे तिथे नव्याने आलेला तरुण मास्तर. मेंढपाळांच्या त्या वस्तीतल्या माणसाला जे रोजचं, ते मास्तराला नवं. म्हणून ते सांगितलं जाणं सहज वाटतं. आपल्या ओळखीचं जग अनोळखी वाचकाला दाखवायचं असेल तर बाहेरून आलेला माणूस फार उपयोगी पडतो.

गरम पीठ

"इंदूबाईंना धक्का बसला. त्यांना खूप वाईट वाटलं." अशी वाक्यं मी शेकड्याने वाचली असतील. त्यांत खोटं काही नाही. पण वाईट वाटलं हे लेखकाने सांगितलं, वाचकाला वाटलं नाही.

आता बाईंच्या हाताकडे बघू. गिरणीतून आणलेलं पीठ गरम असतं. झाकण घट्ट लावलं तर आत वाफ धरते, म्हणून घरी आल्याबरोबर झाकण काढून पीठ निवू देतात. इंदूबाई तेच करायला गेल्या. सवयीने चिमूटभर पीठ घेऊन अंगठा नि बोटात चोळलं. रवाळपणा लागला नाही. पुन्हा चोळलं. चिमूट खिडकीच्या उजेडात नेली. फार पांढरं. त्यांनी झाकण परत लावलं, गरम पिठावर, घट्ट.

वाईट वाटल्याचा शब्दही नाही. पण जिने जन्मभर गरम पिठावर झाकण लावलं नाही ती आज लावते, एवढं पुरतं. असा तपशील पुस्तकात शोधून मिळत नाही. दळण आणलेल्या माणसाकडेच तो असतो. त्यामुळे नवख्याने पहिली कथा आपल्या ओळखीच्या कामावर लिहावी: तिकीट खिडकी, नर्सरी, टायरचं दुकान, भजनी मंडळ. न पाहिलेल्या पॅरिसवर नको. गिरणीत बाजरीनंतर लगेच गहू टाकले तर पोळ्या काळपट होतात आणि म्हणून बायका "कशावर दळताय?" विचारतात, हे माहीत असलेल्या माणसाला गिरणीचं वातावरण वेगळं निर्माण करावं लागत नाही.

सगळंच असं जवळून दाखवायचं नाही, हेही तितकंच खरं. सून घरात आली, यजमान गेले, कामं एकेक करून निसटली, ही वर्षं चार ओळींत सांगून मोकळं व्हावं. तो दीड तास मात्र चार पानं चालू दे. कुठे धावायचं नि कुठे बसकण घालायची हे कळलं की निम्मी कथा जमली. नवखे नेमकं उलट करतात: सकाळी उठल्यापासून दात घासेपर्यंत पानभर, आणि ज्या क्षणासाठी कथा लिहिली तो अडीच ओळींत.

पोळी की चपाती

पाच वाजता अण्णांनी शटर वर केलं आणि सांगितलं, तो डबा मंगलचा. मंगल घरून पोळ्या करून विकते, मागच्या गल्लीत राहते. इंदूबाई तिच्या दारात.

नव्या लेखकाचा संवाद असा असतो: "नमस्कार, मी इंदुमती. आज दुपारी गिरणीमध्ये आपल्या दोघींच्या डब्यांची अदलाबदल झालेली आहे. सून घरी येण्यापूर्वी मला माझा डबा परत हवा आहे, कारण तेच एक काम माझ्याकडे उरलं आहे." यातून माहिती मिळाली, माणूस मिळाला नाही. मनातलं इतकं सरळ कोणी दारात उभं राहून बोलत नाही.

आता दुसऱ्यांदा:

"या की काकू. मला वाटलंच कोणतरी येणार म्हणून."

"डबा बदललाय आपला."

"हो ना. पण निम्मं संपलं बघा त्यातलं. शंभर चपात्यांची ऑर्डर होती."

"राहू दे मग."

"राहू दे कसं? माझं घेऊन जावा तुम्ही, भरलेला डबा." मंगल परात पुसता पुसता म्हणाली, "बारीक आहे माझं. तुमचं जरा जाडं आलं होतं. कडंला फाटत होत्या चपात्या."

इंदूबाईंनी परातीकडे पाहिलं. "अण्णाने दगडांना टाकी लावली नसेल."

"असंल," मंगल म्हणाली.

या संवादात इंदूबाई स्वतःबद्दल एक अक्षर बोलत नाहीत आणि पुऱ्या उघड्या पडतात. टाकी लावणं म्हणजे झिजलेले दगड पुन्हा खडबडीत करणं. पण गिरणी एकच, दगड तेच, दिवसही तोच. मंगलचं पीठ बारीक आलं आणि यांचं जाडं, म्हणजे दोष दगडाचा नाही हे दोघींना कळतं. मंगल "असंल" म्हणून ते झाकते. डबा मिळाला, वरची इच्छा पुरी झाली, आणि त्याच क्षणी खालच्या इच्छेला तडा गेला. कथेचा उत्कर्षबिंदू म्हणतात तो हाच, आरडाओरडा न करता आलेला.

बोलीचं काय? मंगल "चपाती" म्हणते, इंदूबाई "पोळी". एका शब्दाने दोन घरं वेगळी झाली. शिवाय "कडंला", "असंल" एवढं पुरे. प्रत्येक शब्द बोलीत मोडून लिहिला की वाचक अडखळतो, आणि पुष्कळदा लिहिणारा त्या माणसाला हसतोय असंही वाटायला लागतं. जी बोली आपण कानाने ऐकलेली नाही ती तर लिहूच नये. ऐकीव वऱ्हाडी किंवा मालवणी तिथल्या माणसाला पहिल्या वाक्यात कळते.

शेवट कुठे करायचा

रात्री रश्मी पोळ्या करते. जेवताना मुलगा म्हणतो, "आज पोळ्या मऊ झाल्यात." रश्मी म्हणते, "पीठ छान दळून आलंय. आई, अण्णांना सांगितलं होतंत का काही?"

इथून तीन शेवट मला दिसतात. एक: इंदूबाईंच्या डोळ्यांत पाणी येतं, त्या सगळं सांगतात, रश्मी त्यांना मिठी मारते आणि म्हणते, "आई, दळण तुम्हीच आणायचं, कायमचं." अंकाकडे येणाऱ्या कथांत हा फार. वाचून बरं वाटतं आणि सकाळपर्यंत आठवत नाही, कारण जे ओझं वाचकाने घरी न्यायचं ते लेखकाने त्याच्या हातातून काढून घेतलं.

दोन: शेवटच्या ओळीत कळतं की मंगल ही इंदूबाईंची लहानपणी हरवलेली बहीण. हसू नका, अशा आल्यात. कलाटणीचं आपल्याकडे जुनं प्रेम. कादंबरीकार ना. सी. फडक्यांनी १९३१ साली 'प्रतिभासाधन' लिहून कथा-कादंबरीचं तंत्र मराठीत पद्धतशीर मांडलं, आणि रेखीव कथानकाला मोठा मान आला. पुढच्या दशकात गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले वगैरे नवकथाकार आले. रेखीवपणापेक्षा माणसाच्या मनात काय चाललंय तिकडे त्यांनी मोहरा वळवला. दोन्ही बाजूंनी पुष्कळ वाद झाला. नवख्याला त्या वादातून एवढंच हवंय की धक्का आधीच्या पानांतून आलेला असावा. बहिणीचा धक्का कुठूनच आलेला नाही.

तीन: इंदूबाई म्हणतात, "हो, बारीक घे म्हटलं होतं." आणि आणखी एक पोळी मागतात. मंगलच्या पिठाची.

मी तिसरा ठेवला. त्यात खोटं बोलणं आहे, थोडी हार आहे, थोडा विजयही आहे, आणि रश्मीला त्यातलं काही माहीत नाही. डबा मिळाला का, हा प्रश्न सुटला. पीठ ओळखता येतं का, हा राहिला. वाचकाने तो घेऊन जावा. "वृद्धांना घरात मान हवा" असं वाक्य शेवटी लिहायची गरज उरत नाही. कथेचा आशय म्हणतात तो असा अंगात मुरलेला बरा. आशय ठरवून त्यावर गोष्ट चढवायला गेलं की इंदूबाई उदाहरण होतात, बाई राहत नाहीत.

सुरुवातीचं काम मी नेहमी शेवटी करते. पहिला खर्डा झाला की पहिला परिच्छेद खोडून बघते, कथा दुसऱ्यापासून सुरू होते का. दहातल्या सात वेळा होते. या कथेचा पहिला परिच्छेद पेठेतल्या सकाळवर होता, कोवळं ऊन, मंदिराची घंटा वगैरे. तो गेला. आता ती "पीठ रवाळ लागलं नाही" इथून सुरू होते. मग खर्डा आठ-दहा दिवस बाजूला ठेवायचा आणि मोठ्याने वाचायचा. जिथे जीभ अडते तिथे वाक्य बिघडलेलं असतं, आणि जिथे आपल्यालाच पुढे पळावंसं वाटतं तिथे परिच्छेद जास्तीचा. शीर्षक, शब्दसंख्या, कोणत्या अंकाला पाठवायचं, हे सगळं त्यानंतर.

इंदूबाईंच्या गोष्टीत माझं एक अजून ठरलेलं नाही. माळ्यावरचा तो जड, नावाचा डबा. एका खर्ड्यात त्या पुढच्या आठवड्यात स्टुलावर चढून तो खाली काढतात आणि खांदा दुखत असताना गिरणीत नेतात. दुसऱ्यात तो माळ्यावरच राहतो आणि त्या नव्या डब्याचं झाकण घेऊन नाव घालायला भांड्यांच्या दुकानात जातात. दुकानदार विचारतो, "काय नाव घालू?" तिथे माझं पेन थांबलंय.